मृत्तिकेच्या पापुद्र्यांमधील पाणी आणि धनायन

काळी जमीन फुगते याचे कारण सांगताना ‘माँटमोरिलोनाइट पाणी शोषतो’ एवढे म्हणून आपण थांबतो. वस्तुतः पाणी किती शिरावे, हे पुष्कळ अंशी पापुद्र्यांमधील धनायन ठरवितो.

या खनिजात काही ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम आल्यामुळे पापुद्र्यांवर ऋण विद्युत्‌भार असतो. धनायन त्याचा समतोल राखतात. पोटॅशियमचे जलावरण सैल असते. ते टाकून तो ऑक्सिजन-अणूंच्या षट्कोनी खळगीत बसतो व पापुद्रे जखडून टाकतो. अभ्रकात भारही अधिक, म्हणून ते पाण्यात मुळीच फुगत नाही.

कॅल्शियम सोडियमपेक्षा पाणी अधिक घट्ट धरतो. तेव्हा त्याने पापुद्रे अधिक दूर सारावेत, अशी अपेक्षा कोणीही करील. नॉरिश यांनी १९५४ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखविले ते नेमके उलट. कॅल्शियमयुक्त खनिजातील अंतर सुमारे १९ अँगस्ट्रॉमवर, म्हणजे पाण्याच्या तीन थरांवर, थांबते. सोडियमयुक्त खनिजात विरल द्रावणात ते एकदम ४० वर जाते आणि पुढे वाढतच राहते. द्विभारी आयन दोन्ही पापुद्र्यांना एकत्र ओढून धरतो, हे याचे कारण होय.

हे थर केवळ काल्पनिक नव्हेत. इस्राएलाश्विली व पॅशली यांना १९८३ मध्ये विरल पोटॅशियम क्लोराइडमधील अभ्रकाच्या दोन पृष्ठांमधील बल सुमारे २.५ अँगस्ट्रॉमच्या, म्हणजे जवळजवळ एका जलरेणूच्या, अंतराने आंदोलित होताना आढळले.

कालव्याखालील सोडियमने बिघडलेल्या जमिनीत जिप्सम घालतात तो कॅल्शियमसाठीच. निचरा नसेल तर मात्र सुटलेला सोडियम तेथेच राहतो.