भैकेर-संगोपन

बेडूक, भेक इ. पुच्छहीन उभयचर प्राण्यांच्या डिंबकांना (भैकेरांना) अंड्यातून बाहेर पडल्यापासून रूपांतरण पूर्ण होईपर्यंत लहान भांड्यात वा टाकीत वाढविण्याची क्रिया. जीवविज्ञानाच्या अध्ययनासाठी, दुर्मिळ जातींच्या प्रजननासाठी व हौस म्हणूनही भैकेर वाढविले जातात [→ बेडूक].

रूपांतरण : भैकेर प्रथम क्लोमांनी (कल्ल्यांनी) श्वसन करतो व शृंगी दातांनी शैवल खरवडून खातो. पुढे मागचे पाय फुटतात, मग पुढचे पाय बाहेर येतात, शेपूट शोषली जाते आणि फुप्फुसे कार्यक्षम होतात. या बदलांचे नियंत्रण अवटू ग्रंथीच्या हॉर्मोनाकडे असते. गूडरनाच यांनी १९१२ मध्ये भैकेरांना अवटू ग्रंथीचे ऊतक खाऊ घातले, तेव्हा त्यांचे रूपांतरण अकाली घडून आले. वाढीच्या वर्णनासाठी गॉस्नर यांनी १९६० मध्ये सुचविलेल्या ४६ अवस्था सर्वत्र वापरल्या जातात.

विदर्भातील जाती : वर्धा शहरालगतच्या सिंदी मेघेसारख्या काळ्या जमिनीच्या प्रदेशात पहिल्या मोठ्या पावसानंतर साचलेली डबकी हीच भैकेरांची जन्मस्थाने होत. सामान्य भेकाची (डुटाफ्रिनस मेलॅनोस्टिक्टस) मादी जेलीच्या लांब दोरांत अंडी घालते. त्यांतून काळे, थव्याने फिरणारे भैकेर निघतात. झाडबेडूक (पॉलिपेडेटस मॅक्युलेटस) पाण्यावरच्या फांदीला किंवा घराच्या हौदाच्या भिंतीला फेसाचे घरटे चिकटवितो. भैकेर त्यातून खालच्या पाण्यात पडतात. मोठ्या हिरवट बेडकाचे (हॉप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस) भैकेर मात्र मांसाहारी असून इतर भैकेरांना खातात. म्हणून ते इतरांसोबत ठेवीत नाहीत. सह्याद्रीतील मुंबई निशाबेडूक (निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी) ओढ्यावरच्या पानांवर किंवा ओल्या खडकांवर अंडी घालतो. त्याच्या भैकेरांना वाहते, थंड पाणी लागत असल्याने घरच्या भांड्यात ते वाढविणे दुरापास्त असते. डबके आटण्यापूर्वी रूपांतरण उरकावे लागत असल्याने डबक्यांतील जातींची वाढ जलद होते. पाण्याचे तापमान व अन्न यांवर तिचा कालावधी अवलंबून असतो.

संगोपनाची पद्धती : भांडे उथळ व पसरट असावे, कारण हवेशी संबंध येणारा पृष्ठभाग खोलीपेक्षा महत्त्वाचा असतो. नळाच्या पाण्यातील क्लोरीन भैकेरांस घातक असल्याने पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवून मगच वापरतात. तांब्याचे आयन भैकेरांस विषारी असल्याने पिण्याचे पाणी साठविण्याचा तांब्याचा हंडा या कामी निषिद्ध होय. शाकाहारी भैकेरांना उकडलेली पालकाची पाने व शैवल थोड्या प्रमाणात देतात; उरलेले अन्न कुजून पाण्यातील ऑक्सिजन घटवीत असल्याने ते काढून टाकतात व पाण्याचा काही भागच बदलतात. भांडे कडक उन्हात ठेवीत नाहीत. पुढचे पाय फुटल्यावर पाणी कमी करून एका बाजूस दगड किंवा उतार देणे अत्यावश्यक असते; नाही तर फुप्फुसांनी श्वसन करू लागलेले पिल्लू बुडून मरते. या काळात ते काही खात नाही. शेपटीच्या शोषणातून त्याचे पोषण होते. त्यानंतर त्याला बारीक जिवंत कीटक लागतात.

बाणविष बेडूक : डेंड्रोबॅटिडी कुलातील हे बेडूक मध्य व दक्षिण अमेरिकेत आढळतात. कोलंबियातील एंबेरा लोक यांतील काही जातींचे विष फुंकनळीच्या बाणांना लावीत, त्यावरून हे नाव पडले. हे विष मुख्यतः मुंग्या व माइट यांच्या आहारातून येत असल्याने बंदिवासात वाढलेल्या बेडकांत ते नसते. अंडी पाण्याबाहेर, ओलसर पानांवर घातली जातात. बहुतेक जातींत नर त्यांची राखण करतो व भैकेर बाहेर आल्यावर त्यांना पाठीवर बसवून लहान पाणवठ्यांत नेतो. ऊफॅगा वंशात मादी भैकेरांना अफलित अंडी खाऊ घालते. काही जातींत स्वजातिभक्षण घडत असल्याने पाळणारे प्रत्येक भैकेर स्वतंत्र पेल्यात ठेवतात. जंगली बदामाचे वाळलेले पान पाण्यात टाकण्याची प्रथा आहे. त्यातील टॅनिनामुळे पाणी किंचित अम्ल होते. डेंड्रोबेट्‌स टिंक्टोरियस या जातीचे रूपांतरण सुमारे दोन ते तीन महिन्यांत पूर्ण होते. पुढचे पाय काडीसारखे राहण्याचा विकार या बेडकांत आढळतो. जनकांच्या आहारातील जीवनसत्त्वांच्या न्यूनतेशी त्याचा संबंध जोडला जातो.

रोगप्रसार व कायदा : उभयचरांच्या अनेक जातींचा ऱ्हास घडविणारे बॅट्रॅकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस हे कवक १९९९ मध्ये प्रथम वर्णिले गेले ते वॉशिंग्टन येथील प्राणिसंग्रहालयातील निळ्या बाणविष बेडकावरून. भैकेरांत ते मुखातील शृंगी भागांपुरतेच राहते. त्यामुळे भैकेर निरोगी दिसतो, पण रूपांतरणानंतर कवक त्वचेवर पसरून प्राणी दगावू शकतो. म्हणून पाळीव परदेशी बेडकांचे पाणी गटारात वा ओढ्यात टाकणे धोक्याचे असते. स्थानांतराचाही धोका आहे : अंदमान बेटांत पोहोचलेल्या मोठ्या हिरवट बेडकाचे भैकेर तेथील मूळ जातींचे भैकेर खात असल्याचे दिसून आले आहे.

बेडकांच्या पायांची निर्यात भारताने १९८७ मध्ये बंद केली. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यातील प्राण्याच्या व्याख्येत उभयचर व त्यांची पिल्ले आणि अंडी येतात. अनुसूचित जातींचे भैकेर परवानगीवाचून पकडणे बेकायदेशीर आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक करारातील (सायटीस) जातींसाठी २०२२ च्या दुरुस्तीने स्वतंत्र अनुसूची करण्यात आली असून अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी आवश्यक ठरविली आहे. बाणविष बेडकांच्या अनेक जाती तीत येतात. अध्ययनासाठी डबक्याकाठीच निरीक्षण करणे हा सर्वांत निर्धोक मार्ग होय. वाढविलेली पिल्ले सोडायची झाल्यास ती ज्या पाणवठ्यातून आणली त्याच ठिकाणी, इतर प्राण्यांच्या संपर्कात आलेली नसतील तरच सोडतात.