गळा सुजतो, पण हुकूम मेंदूचा

धुळे-जळगावकडच्या सातपुड्याच्या पायथ्याशी गलगंड हा काही अनोळखी विकार नव्हे. डोंगरउतारावरच्या मातीतले आयोडीन पावसाने वाहून जाते. मग ते पिकातही येत नाही आणि ताटातही नाही. पण आयोडीन कमी पडले तर गळ्यातली अवटु ग्रंथी सुकायला हवी. ती फुगते का?

याचे उत्तर मेंदूत आहे. मेंदूच्या तळाशी अधोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग असतो. तो आपल्या संप्रेरकाने खालच्या, वाटाण्याएवढ्या पोष ग्रंथीला चेतवतो. पोष ग्रंथी रक्तातून अवटु ग्रंथीला हुकूम धाडते आणि अवटु ग्रंथी थायरॉक्सिन तयार करते. रक्तात ते पुरेसे झाले की वरचे दोघेही हात आखडतात. शेत भिजले की पाटकरी दार खाली करतो, तसेच हे! मात्र थायरॉक्सिनच्या प्रत्येक रेणूला आयोडीनचे ४ अणू लागतात. ते न मिळाल्यास थायरॉक्सिन घटते आणि वरून हुकमांवर हुकूम सुटतात. बिचारी ग्रंथी कच्च्या मालावाचून नुसतीच वाढत राहते. गर्भवती आईला आयोडीन फार कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि ते नुकसान पुढे भरून येत नाही.

मग ग्रंथीच वाळवून खाल्ली तर? १८९१ मध्ये इंग्लंडात जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या अवटु ग्रंथीचा अर्क टोचून एका स्त्रीला बरे केले. ती त्यानंतर २८ वर्षे जगली. पुढे तो अर्क पोटातूनही लागू पडला, कारण थायरॉक्सिन पचनात टिकते. पोष ग्रंथीची प्रथिन-संप्रेरके मात्र डाळीसारखी पचून जातात. आज 'ग्रंथीला बळ' देणाऱ्या म्हणून ज्या भुकट्या विकतात, त्यांच्या गुणाला भरवशाचा पुरावा नाही. उलट २०१३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत अवटु ग्रंथीसाठीच्या अशा १० पैकी ९ उत्पादनांत खरे संप्रेरकच सापडले! ते नकळत पोटात गेले की छाती धडधडू लागते, आणि मेंदूकडून सुटणारा हुकूमही मंदावतो.

गलगंडावरचा उपाय फार स्वस्त आहे. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड घटवून दाखवला. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. मोठ्या माणसाला दिवसाला अवघे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. आरोग्य केंद्रातल्या तपासणी-संचातील थेंब चिमूटभर मिठावर टाकून घ्या. मीठ निळे-जांभळे झाले तर आयोडीन आहे. सुट्या खडे मिठाचीही परीक्षा करा. ते पांढरेच राहिले तर घरी सांगा.