दोन तास, बारा हजार आया

उत्तर इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात गरोदर बाईला सातव्या महिन्याच्या सुमारास उपाशीपोटी रुग्णालयात बोलावतात. आल्या आल्या एकदा रक्त काढतात, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज विरघळवलेलं गोडमिट्ट पाणी प्यायला देतात आणि दोन तासांनी पुन्हा रक्त काढायचं म्हणून तिथेच बसवून ठेवतात. गरोदरपणातला मधुमेह हुडकण्याची ही तपासणी. त्या दोन तासांत बाईला घरी जाता येत नाही, काही खाता येत नाही आणि करायलाही काही नसतं. २००७ साली तिथल्या संशोधकांनी नेमके हेच दोन तास हेरले.

'बॉर्न इन ब्रॅडफर्ड' या अभ्यासाची माणसं बाईशेजारी येऊन बसायची. अभ्यास कशाचा आहे, रक्ताच्या जादा नळीचं काय करणार, हे समजावून सांगायची. बाईने होकार दिला की तिथल्या तिथे प्रश्नावली भरून घ्यायची, उंची-वजन घ्यायचं, दंडाचा घेर आणि दंडामागच्या कातडीची जाडी मोजायची. अभ्यासासाठी म्हणून वेगळी तारीख नाही, वेगळी खेप नाही, थोरल्या पोराला पुन्हा एकदा कुणाकडे ठेवायचं ही विवंचना नाही. ज्यांना विचारलं त्यांतल्या ऐंशी टक्क्यांहून अधिक जणी हो म्हणाल्या. २०१० संपेपर्यंत १२,४५३ बायकांची नोंद झाली. काही जणी त्या काळात दोनदा गरोदर राहिल्या, त्यामुळे नोंदवलेली गरोदरपणं १३,७७६ भरली. यांतल्या सुमारे ४५ टक्के आया पाकिस्तानी वंशाच्या होत्या.

बारा हजारांचा हा आकडा किती मोठा, हे शेजारी दुसरा आकडा ठेवल्याशिवाय कळत नाही. २०१५ च्या जानेवारीत ब्रिटनमध्येच 'लाइफ स्टडी' नावाचा देशव्यापी अभ्यास सुरू झाला. ८०,००० बाळांना जन्माआधीपासून नोंदवायचं, अनेक वंशांच्या कुटुंबांना त्यात आवर्जून घ्यायचं, असा थाट होता. सप्टेंबर उजाडेपर्यंत नाव नोंदवलेल्या बायका होत्या २४९. ऑक्टोबरात अभ्यास गुंडाळला. अमेरिकेची गतही फार वेगळी नव्हती. एक लाख मुलांचा 'नॅशनल चिल्ड्रन्स स्टडी' शंभर कोटी डॉलरहून अधिक पैसे खर्चून झाल्यावर २०१४ च्या डिसेंबरात बंद करावा लागला. कारणं अनेक होती, पण गरोदर बायका मिळवायच्या कशा हा प्रश्न तिथेही शेवटपर्यंत सुटला नव्हता.

मुळात गरोदर बाई हीच संशोधनाच्या दारात ताटकळणारी. गरोदरपणात घेतलेल्या थॅलिडोमाइडच्या गोळ्यांनी १९६० च्या आगेमागे हजारो बाळं हातापायांच्या व्यंगासह जन्माला आली. त्या धसक्याने १९७७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळण्याची शिफारस केली. ती मागे घेतली गेली १९९३ मध्ये. तरी सवय गेली नाही. २०२० साली कोविडच्या लशींच्या मोठ्या चाचण्या झाल्या, तेव्हा गरोदर बायकांना पुन्हा बाहेरच ठेवलं होतं. पुढे त्यांनी लस घ्यावी की नाही हा प्रश्न आला आणि डॉक्टरांच्या हातात चाचणीतला पुरावा जवळजवळ नव्हता.

त्यात ती बाई अल्पसंख्य समाजातली असेल तर अविश्वासाची भर पडते, आणि तो उगाच आलेला नसतो. अमेरिकेतल्या टस्कीगीमध्ये १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं काळ्या पुरुषांचा उपदंश बरा न करता नुसता न्याहाळला गेला. पेनिसिलिन आल्यावरही त्यांना ते दिलं नाही. ज्या घरात ही हकीकत आजीकडून ऐकलेली असते, तिथली नात संमतिपत्रावर डोळे झाकून सही कशी करील? आणि नेमक्या याच बायकांची माहिती सर्वांत जास्त हवी असते. ब्रिटनमधल्या मातामृत्यूंचा २०१८ चा अहवाल सांगत होता की गोऱ्या बायकांच्या तुलनेत काळ्या बायकांना गरोदरपणात वा बाळंतपणानंतर मृत्यूचा धोका पाचपट आहे आणि आशियाई वंशाच्या बायकांना दुप्पट.

ब्रॅडफर्डचं दुखणं घरचंच होतं. शहरातला बालमृत्युदर देशाच्या सरासरीच्या सुमारे दुप्पट होता. लोकरीच्या गिरण्यांवर वाढलेलं हे शहर. साठच्या दशकात पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरमध्ये झेलम नदीवर मंगला धरण झालं, मीरपूर भागातली सुमारे लाखभर माणसं उठली आणि त्यांतली पुष्कळ या गिरण्यांत कामाला आली. पुढे गिरण्या बंद पडल्या, धरणग्रस्तांची मुलं-नातवंडं शहरातच राहिली. संशोधकांनी आपल्या कामासाठी उर्दू आणि मीरपुरी बोलणारी माणसं नेमली. मीरपुरी बोलतात सगळे, लिहीत कुणी नाही; म्हणून प्रत्येकीला तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारला जावा यासाठी प्रश्नावली आधी बोलीत बसवून घ्यावी लागली. दुभाषा म्हणून नवरा किंवा सासू बसली तर सून सिगारेटविषयी, मनाच्या अवस्थेविषयी काय उत्तर देणार, हे मराठी वाचकाला फोड करून सांगायला नको.

नाव नोंदवणं एक, टिकवणं दुसरं. कुटुंबं घर बदलतात, फोन नंबर बदलतात, दुसरं मूल होतं. ब्रॅडफर्डने यावर काढलेली तोड साधी आहे. आईकडून सुरुवातीलाच परवानगी घ्यायची की तिच्या आणि बाळाच्या फॅमिली डॉक्टरकडच्या, रुग्णालयातल्या आणि पुढे शाळेतल्या नोंदी अभ्यासाशी जोडल्या जातील. मग ती एखाद्या भेटीला आली नाही तरी धागा तुटत नाही. प्रत्यक्ष भेटींचा जाच मात्र एका लहान गटापुरताच ठेवला. सतराशेहून काही अधिक कुटुंबांना सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत पाच वेळा भेटायचं होतं. तिथे गळती झालीच.

या खटाटोपातून हाती आलेली एक गोष्ट थेट पुण्याशी जोडलेली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला होता. दिवस राहिल्याचं लवकरात लवकर कळावं म्हणून त्यांचे कार्यकर्ते दर महिन्याला घरोघर जाऊन पाळीच्या तारखा टिपायचे. संशोधन दारात जाण्याचा हा ब्रॅडफर्डच्याही आधीचा नमुना. आणि पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची चाल असलेल्या मुलखात बाईला अभ्यासात टिकवणं म्हणजे काय, ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक. सरासरी २.७ किलोची ही बाळं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या साडेतीन किलोच्या बाळांपुढे किडकिडीत दिसत होती, पण अंगातली चरबी त्या मानाने टिकून होती. बारीक पण चरबीदार अशा या बाळाचं चित्र २००३ साली प्रसिद्ध झालं. दहा वर्षांनी ब्रॅडफर्डच्या ८,७०४ आई-बाळांच्या जोड्यांत तेच दिसलं: पाकिस्तानी वंशाची बाळं वजनाला कमी, वजनाच्या मानाने चरबीला जास्त. म्हणजे मुलूख बदलून, बाळं ब्रिटनमध्ये जन्मूनही ठेवण बदललेली नव्हती.

याच नोंदींतून २०१५ मध्ये असं निघालं की गरोदरपणातल्या मधुमेहाची सीमारेषा दक्षिण आशियाई बायकांसाठी खाली आणायला हवी. गोऱ्या बायकांसाठी सुचवलेला उपाशीपोटीच्या ग्लुकोजचा आकडा लिटरमागे ५.४ मिलिमोल, तर यांच्यासाठी ५.२. फरक दिसायला चिमूटभर. पण पुरेशा आशियाई बायका अभ्यासात नसत्या तर तो कुणाला दिसलाच नसता.

अवघड निष्कर्षही निघाले. ११,३९६ बाळांच्या नोंदी तपासून २०१३ मध्ये 'लॅन्सेट'ने छापलं की सख्ख्या चुलत, मामे, मावस किंवा आते भावंडांत लग्न झालं असेल तर बाळात जन्मजात व्यंगाचा धोका सुमारे तीन टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर जातो. पाकिस्तानी आयांपैकी ३७ टक्क्यांची लग्नं अशी झालेली होती. त्याच लेखात दुसरंही होतं. पस्तिशी गाठलेल्या गोऱ्या आईच्या बाळालाही जवळजवळ तेवढाच वाढीव धोका दिसला, आणि आई उच्चशिक्षित असली की धोका निम्म्यावर आला, मग ती कोणत्याही वंशाची असो. ज्या बायकांनी विश्वासाने रक्त दिलं, त्यांच्याच समाजाकडे त्या रक्तावरून बोट दाखवलं जाण्याची ही वेळ. तिथे संशोधकाची जबाबदारी आकडा छापून संपत नाही, असं म्हणायला हरकत नाही.

तरीही ब्रॅडफर्डच्या आया दुरावल्या नाहीत. २०१६ पासून शहराच्या तीन गरीब वॉर्डांत गरोदर बायकांची दुसरी नोंदणी सुरू झाली. त्यामुळे दोन काळांची तुलना करता आली: तिथल्या पाकिस्तानी आयांत जवळच्या वा दूरच्या नात्यात लग्न झालेल्यांचं प्रमाण दहा वर्षांत ६२ टक्क्यांवरून ४६ वर आलं होतं.

एक गट मात्र ब्रॅडफर्डलाही नीट साधला नाही, तो बापांचा. बारा हजारांवर आया नोंदवल्या गेल्या, वडील भरले तीन हजारांहून थोडे अधिक. त्यांना कुणी दोन तास बसवून ठेवत नव्हतं, हे एक कारण असावं.

पहिल्या नोंदणीतली मुलं आता मोठी झाली आहेत. 'एज ऑफ वंडर' नावाच्या पुढच्या टप्प्यात संशोधक ब्रॅडफर्डच्या माध्यमिक शाळांत जाऊन या मुलांची आणि त्यांच्या वर्गमित्रांची मापं घेतात, मनःस्थितीविषयी विचारतात. इंग्लंडमध्ये सोळा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला असा निर्णय स्वतः घेता येतो. तेव्हा होकार आता त्यांच्याकडूनच मिळवावा लागणार, आणि 'का सांगू?' हा प्रश्न ती आयांपेक्षा मोकळेपणाने विचारणार.