ईस्टरचं हसू

म्युनिक, ईस्टरचा आठवडा



बव्हेरियात गुड फ्रायडेला सार्वजनिक नाचाच्या कार्यक्रमांना कायद्याने बंदी असते. आदल्या संध्याकाळच्या मिस्सेपासून, म्हणजे उपासनेपासून, कॅथलिक चर्चच्या घंटाही मुक्या होतात. खेड्यापाड्यांत मग मुलं लाकडी खडखडी फिरवत, प्रार्थनेची वेळ झाल्याचं सांगत आळीआळीतून जातात. त्याआधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ झालेला असतो. हल्ली त्यात कुणी मांस सोडतं, कुणी बिअर, कुणी नुसती चॉकलेटं. शनिवारी रात्री चर्चबाहेर जाळ पेटवतात, त्यावर मोठी मेणबत्ती लावून ती अंधाऱ्या चर्चमध्ये नेतात, आणि थोड्या वेळाने, येशू पुन्हा जिवंत झाल्याच्या आनंदात, सगळ्या घंटा एकदम वाजू लागतात. एवढं आधी सांगावं लागलं, कारण मला लिहायचं आहे ते त्यानंतर येणाऱ्या हसण्याबद्दल.

ईस्टरच्या प्रवचनात धर्मगुरूंनी लोकांना हसवायचं, अशी इथली जुनी रीत आहे. तिला ‘ऑस्टरलाखेन’ म्हणतात. मध्ययुगाच्या अखेरीस ती या मुलखात चांगली रुजलेली होती. तिची सर्वांत रंगतदार माहिती मिळते ती मात्र तिच्यावर संतापलेल्या माणसाकडून. योहानेस ओकोलाम्पाडियुस नावाचा उपदेशक फार गंभीर बोलतो, ईस्टरलासुद्धा हसवत नाही, अशी कुरकुर चालली होती. त्यावर त्याने १५१८ साली वोल्फगांग कापिटो या मित्राला लांबलचक पत्र लिहिलं. त्यात तो एकेकाचे प्रताप सांगतो. एक उपदेशक कोकिळेसारखा ओरडत होता. दुसरा शेणात आडवा होऊन, आपल्याला आता वासरू होणार असा आव आणत होता आणि कुणी जवळ आलं की हंसासारखा कलकलत होता. तिसऱ्याने एका साध्या गृहस्थाला धर्मगुरूचा वेश चढवून वेदीपाशी नेलं. चौथ्याने संत पेत्राने खानावळवाल्याचे पैसे कसे बुडवले, ती कथा रंगवली. हा ओकोलाम्पाडियुस पुढे बासेल शहराचा मोठा धर्मसुधारक झाला.

मी माळकरी घरातला, देहूच्या वाटेवर वाढलेला. मला हे वाचून धक्का बसला नाही, आनंदच झाला. त्याच सोळाव्या शतकात आपल्याकडे एकनाथ महाराज भारुडं रचत होते. विंचू चावल्याचं सोंग घेतलेला माणूस लोळतो, सासरच्यांना कंटाळलेली सून देवीला भलताच नवस बोलते, समोरची माणसं पोट धरून हसतात, आणि हसता हसता काम-क्रोधाचा विंचू कळतो. देवापुढे हसणं म्हणजे देवाचा अपमान, असं आपल्या मावळात कुणी म्हणणार नाही. युरोपात मात्र तसं म्हटलं गेलं. सतराव्या शतकात पोप क्लेमेंट दहावे यांनी आणि अठराव्या शतकात बव्हेरियाचा शासक मॅक्सिमिलियन तिसरा याने या रीतीवर बंदी घातली. अश्लील चुटके आणि बायकांची टिंगल थांबली, हे चांगलंच झालं. पण त्याबरोबर हसूही गेलं, आणि ते नुकसान माझ्या मते मोठं होतं.

आता ते परत येतं आहे. पुष्कळ फादर ईस्टरच्या प्रवचनाच्या शेवटी एखादा चुटका सांगतात. पोप बेनेडिक्ट सोळावे मूळचे बव्हेरियाचे. त्यांनीही पोप होण्याआधी एका चिंतनात या हसण्याची आठवण काढली होती. ईस्टरला फार सांगितला जाणारा एक चुटका असा: अरिमथाईकर योसेफाने खडकात खोदलेली आपली नवीकोरी कबर येशूला दिली. बायको चिडली, “अहो, एवढा खर्च करून बांधलेली कबर परक्याला देऊन टाकलीत?” योसेफ म्हणाला, “अगं, त्यांना दोन-तीन दिवसांपुरतीच हवी आहे!”

एरवीची मिस्सा इथे शिस्तीची असते. फलकावर गीतांचे आकडे, ठरल्या वेळी उठणं, बसणं, गुडघे टेकणं. त्या बाकांवरून हशा उसळतो तेव्हा अनोळखी माणसंही एकमेकांकडे वळून पाहतात. हा चुटका श्रोत्यांना जागं ठेवायला सांगितलेला नसतो. त्या दिवशी फजिती होते ती मृत्यूची. ज्याला सगळे घाबरतात तोच तोंडघशी पडला, असं मानणाऱ्यांनी त्या सकाळी हसायचं नाही तर कधी?

ऱ्हाइन नदीकाठी, कोलोन आणि माइन्त्सकडे, हसण्याची वेळ याच्या उलट पाळतात. तिथे उपवासकाळाच्या आधी कार्निव्हल असतो. उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो, त्या राखेच्या बुधवाराआधीच्या रविवारी काही चर्चमध्ये लोक सोंगं घेऊनच मिस्सेला येतात आणि फादर यमकं जुळवून प्रवचन करतात. बुधवारी त्याच कपाळांवर राख लागते.

हसवल्याने चर्च भरतील, असा भ्रम कुणी करून घेऊ नये. जर्मनीत चर्चच्या सभासदाला प्राप्तिकराच्या आठ किंवा नऊ टक्के चर्चकर द्यावा लागतो, आणि तो नको असेल तर सरकारी कचेरीत जाऊन चर्च सोडल्याची नोंद करावी लागते. एकट्या २०२२ साली ५ लाख २२ हजारांहून अधिक कॅथलिकांनी ती केली. चर्चमध्ये मुलांवर झालेल्या अत्याचारांची प्रकरणं उघड झाल्यावर ज्यांचा विश्वास तुटला, त्यांना चुटका परत आणू शकत नाही. त्यांना न्याय हवा आहे. हसू आहे ते उरलेल्यांचं, सणाचं.

आपल्या मराठी चर्चांचा विचार इथे बसून वारंवार मनात येतो. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि अभंग, भजन, कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणलं. विनोद कुठे शोधायचा, तर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ घराघरांत आहेच. आता नगरच्या, वसईच्या, आपल्या लोणावळ्याच्या चर्चमध्ये ईस्टरच्या सकाळी भारुड व्हावं, असं मला मनापासून वाटतं. सोंगं शोधत फिरावं लागणार नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय उघडा: मग्दालिया मरिया पुनरुत्थित येशूला बागेचा माळी समजते, बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणून थोमा अडून बसतो, आणि कबरीकडे धावताना दुसरा शिष्य पुढे निघून जातो, पेत्र मागे राहतो. टाळ-मृदंगावर ही शर्यत कुणीतरी धावून दाखवा.