जुन्या वस्तूंच्या विक्रीतून आलेला संगणक



गेल्या वर्षी पावसाळ्यात आमच्या वसतिगृहातील नववीच्या एका मुलाने मला विचारले, "सर, बिल गेट्सने कॉलेज सोडलं आणि तो एवढा श्रीमंत झाला. मग मी दहावी कशाला करू? नवापूरला मोबाईलच्या दुकानात मला आत्ताच कामाला घेतात."

त्याने हे उद्धटपणे विचारले नव्हते. त्याचे आईवडील दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. महिन्याला दुकानातले चार पैसे घरी आले तर हवेच आहेत. मी त्याला कोणीही देईल तेच उत्तर दिले, "आधी शीक, मग बघू." त्याचे समाधान झाले नाही, आणि माझेही झाले नाही, कारण बिल गेट्सची गोष्ट मला स्वतःलाच नीट ठाऊक नव्हती. माझी पदविका ईश्वरपरिज्ञानाची. संगणकावर मी पत्रे टाईप करतो, देणगीच्या पावत्या छापतो, त्यापुढे माझी मजल नाही. म्हणून वाचायला बसलो. जे वाचले ते तुम्हाला सांगावेसे वाटते, कारण त्यात तुमच्यासारख्या माणसांचा वाटा फार मोठा आहे.

गोष्ट १९६८ सालची, अमेरिकेतील सिअॅटल शहरातली. तेथील लेकसाइड नावाच्या खासगी शाळेत मुलांच्या आयांचे एक मंडळ होते. या मंडळाने जुन्या वस्तूंची विक्री भरवली. आपल्या मंडळीत कापणीच्या सणाला कोंबडी, भोपळा, पपई यांचा लिलाव होतो तसाच प्रकार समजा, फक्त तेथे घरातले जुने सामान होते. आलेल्या पैशातून त्या आयांनी शाळेला एक टेलिटाईप यंत्र आणि संगणकाचा काही वेळ घेऊन दिला.

येथे जरा थांबून समजावून सांगतो, कारण मलाही आधी हे कळले नव्हते. त्या काळी संगणक म्हणजे खोलीभर यंत्र. शाळेला तो परवडणे शक्यच नव्हते. शाळेत होता तो एक प्रकारचा टाईपरायटर, टेलिफोनच्या तारेने दूरच्या संगणकाला जोडलेला. मुलांनी येथे टाईप करायचे, तिकडचा संगणक हिशेब करायचा आणि उत्तर कागदावर छापून यायचे. एकाच संगणकाचा वेळ अनेक गिऱ्हाइके वाटून घेत आणि जेवढा वेळ वापरला तेवढे पैसे भरत. ज्यांनी एसटीडी बूथवर उभे राहून लाल आकडे पळताना पाहिले आहेत त्यांना हे लगेच समजेल. आकडे पळत होते आणि मुले शिकत होती. आयांनी जमवलेले पैसे फार लवकर संपले.

गेट्स तेव्हा तेरा वर्षांचा होता. त्याने लिहिलेला पहिला प्रोग्राम फुली-गोळ्याच्या खेळाचा होता. प्रोग्राम म्हणजे यंत्राला द्यायच्या सूचनांची यादी. एक पायरी चुकली की यंत्र अडते, आणि चूक कोठे झाली हे आपणच शोधायचे. त्याच्यापेक्षा दोन वर्गांनी पुढे असलेला पॉल अॅलन, केंट इव्हान्स आणि रिक वेलँड अशी चौघांची टोळी जमली. गणिताचे तास बुडवूनही ही मुले त्या यंत्रापाशी बसत.

फुकट वेळ मिळवण्यासाठी त्यांनी काय केले ते ऐका. शहरातील एका संगणक कंपनीशी त्यांचा सौदा ठरला. कंपनीच्या यंत्रणेतील चुका मुलांनी शोधून द्यायच्या, त्या बदल्यात कंपनीने यंत्र वापरू द्यायचे. याच मुलांनी यंत्रणेतील पळवाट शोधून चोरून जास्त वेळही वापरला, पकडली गेली आणि काही काळ त्यांना दारे बंद झाली. १९७० साली ती कंपनीच बुडाली. त्यानंतर पोर्टलंड शहरातील एका कंपनीने या चौघांना कर्मचाऱ्यांच्या पगाराचा प्रोग्राम लिहायचे काम दिले. खेळातून कामात जाण्याची पायरी ती हीच, असे मला वाटते. फुली-गोळ्यात चूक झाली तर हसून सोडता येते. पगारात चूक झाली तर कोणाच्या तरी घरी कमी पैसे जातात. हजेरी, कपात, कर हे सगळे या शाळकरी मुलांना समजून घ्यावे लागले.

केंट इव्हान्स १९७२ मध्ये गिर्यारोहणाच्या अपघातात गेला. गेट्सचा तो जिवलग मित्र होता. दोघे मिळून शाळेचे वेळापत्रक संगणकावर बसवण्याच्या कामात होते. ते काम पुढे गेट्सने अॅलनला बोलावून पूर्ण केले.

त्यांच्या पहिल्या धंद्याचे नाव होते ट्राफ-ओ-डेटा. रस्त्यावर आडवी रबरी नळी टाकून वाहने मोजत. चाक नळीवरून गेले की कागदी पट्टीवर भोक पडे. त्या पट्ट्या वाचायला माणसे बसवावी लागत, ते काम यंत्राने करायचे अशी यांची कल्पना. ३६० डॉलर देऊन त्यांनी इंटेल कंपनीची एक चिप आणली आणि तिसऱ्या एका मित्राच्या मदतीने यंत्र उभे केले. धंदा म्हणून ते फारसे चालले नाही. पण त्या निमित्ताने अॅलनने एक युक्ती साधली होती. छोट्या चिपसाठी लिहिलेला प्रोग्राम ती चिप हातात नसताना मोठ्या संगणकावर तपासून पाहण्याची सोय त्याने तयार केली होती.

ही युक्ती १९७५ मध्ये कामी आली. त्या वर्षी जानेवारीच्या एका मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० नावाच्या छोट्या संगणकाचे चित्र आले. त्याला ना पडदा, ना टंकफलक. पुढे नुसती बटणे आणि दिवे. माणसाने त्याच्याशी बोलायचे कसे? गेट्स तेव्हा हार्वर्ड विद्यापीठात होता आणि अॅलन बोस्टनजवळ नोकरी करत होता. अल्टेअर बनवणाऱ्या कंपनीला त्यांनी कळवले की बेसिक ही सोपी संगणक भाषा या यंत्रासाठी आमच्याकडे तयार आहे. ती तयार नव्हती. (मुलांना हे सांगताना मी आवाज जरा खाली आणला.) पुढच्या सुमारे आठ आठवड्यांत, अल्टेअर यंत्र डोळ्यांनी न पाहता, विद्यापीठाच्या मोठ्या संगणकावर दोघांनी ती लिहून काढली. मोंटे डेव्हिडॉफ या तिसऱ्या विद्यार्थ्याने अपूर्णांकांच्या गणिताचा भाग लिहिला. अॅलन कागदी पट्टी घेऊन अल्बुकर्कीला गेला. पट्टी यंत्रात घातली आणि दोन अधिक दोनचे उत्तर चार आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्ट सुरू झाली.

म्हणजे "कॉलेज सोडले आणि श्रीमंत झाला" हे वाक्य मधली सात वर्षे गिळून टाकते. कॉलेज सोडताना त्याच्या हातात तयार वस्तू होती, ती विकत घेणारे गिऱ्हाईक होते आणि त्यामागे यंत्रापाशी घालवलेल्या असंख्य रात्री होत्या. माझ्या मुलाला मी हेच सांगितले. त्याने विचारले, "पण सर, पैसा कशात मिळाला?"

प्रश्न बरोबर होता. संगणकाची आवड असलेली मुले तेव्हा अमेरिकेत हजारो होती. पैसा मिळाला तो एका करारात. १९८० मध्ये आयबीएम ही बलाढ्य कंपनी छोटा संगणक काढणार होती आणि तो चालवणारी मूळ यंत्रणा तिला हवी होती. मायक्रोसॉफ्टकडे ती नव्हती. सिअॅटलमधील दुसऱ्या एका छोट्या कंपनीकडून त्यांनी तशी यंत्रणा विकत घेतली, सुधारली आणि आयबीएमला दिली. मात्र तीच यंत्रणा इतर कंपन्यांना विकण्याचा हक्क स्वतःकडे ठेवला. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर धान्य दिले, बियाणे हातचे जाऊ दिले नाही. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा संगणक बाजारात आला, मग तसेच संगणक बनवणारे अनेक उभे राहिले आणि प्रत्येकाला हेच बियाणे लागले. मार्च १९८६ मध्ये मायक्रोसॉफ्टचे समभाग बाजारात आले.

एक गोष्ट मुलांपासून लपवणे मला बरे वाटले नाही. गेट्सचे वडील नामांकित वकील होते. आई मेरी गेट्स एका मोठ्या सेवासंस्थेच्या मंडळावर काम करीत, आणि आयबीएमचे प्रमुख जॉन ओपेल हेही त्याच मंडळावर होते. दोघांची ओळख होती. अशी ओळख आमच्या पाड्यावरच्या कोणाची असणार? लेकसाइडच्या त्या यंत्राशिवाय आपली कंपनी झालीच नसती, असे गेट्स यांनीही पुढे बोलून दाखवले आहे.

म्हणून मी मुलांना दुसरीही गोष्ट सांगितली, आपल्याकडची. कैलाश काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे. दहावीनंतर शाळा सुटली आणि ते पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले. यंत्र उघडून पाहण्याची ओढ होती, त्यातून ते संगणक दुरुस्तीही शिकले आणि १९९० नंतरच्या काळात त्यांनी स्वतःचे दुरुस्तीचे दुकान टाकले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस असायचे. व्हायरस म्हणजे एका यंत्रातून दुसऱ्यात शिरणारा आणि माहितीची नासधूस करणारा प्रोग्राम. धाकटा भाऊ संजय पुण्यात संगणकशास्त्र शिकत होता. त्याने व्हायरस साफ करणारा प्रोग्राम लिहिला. तो गिऱ्हाइकांच्या उपयोगी पडला, मग त्याचीच विक्री सुरू झाली. नाव क्विक हील. २००७ मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतले आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली.

ही गोष्ट त्याला जास्त आवडली, हे उघडच आहे. "बघा सर, दहावीवर झालं," तो म्हणाला. मी म्हटले, "दहावी झाल्यावर. आणि प्रोग्राम कोणी लिहिला? कॉलेजात जाणाऱ्या भावाने. शिवाय दहावी सुटलेल्या भावानेच त्याला शिकायला लावलं." तो गप्प राहिला. पटले की नाही ते कळले नाही.

आता माझी चूक सांगतो. तीन वर्षांपूर्वी एका हितचिंतक कुटुंबाने आम्हाला वापरलेला संगणक दिला होता. तो मी कार्यालयात कुलपात ठेवला होता, मुले बिघडवतील म्हणून. याच मुलाने एकदा कार्यालय झाडताना त्याचे झाकण खोलले. मी त्याला सर्वांसमोर बोललो आणि झाडलोटीच्या यादीतून त्याचे नाव काढले. लेकसाइडच्या गोष्टीत मला सर्वात जास्त टोचले ते हेच. तेथे मोठ्यांनी यंत्र आणून दिले आणि मुलांच्या हाती सोपवले. काय करतात, किती मोडतात, हे पाहत कोणी डोक्यावर उभे राहिले नाही.

सप्टेंबरपासून संगणक अभ्यासिकेत आला. संध्याकाळी सहा ते आठ वेळ ठरली आहे. वीज किती दिवस असते ते विचारू नका. पहिल्या महिन्यात दोनदा बंद पडला. एकदा नवापूरहून माणूस बोलवावा लागला, दुसऱ्यांदा या मुलानेच तारा काढून, पुसून, पुन्हा बसवून तो सुरू केला. मुली सुरुवातीला मागे उभ्या राहत, म्हणून मंगळवार आणि शुक्रवार त्यांचेच केले. आता त्यातली सातवीतली एक मुलगी सर्वांत जलद टाईप करते.

मी त्याला काम दिले, पोर्टलंडची गोष्ट डोक्यात होती म्हणून. कोठीतील तांदूळ, तूरडाळ, तेल यांचा रोजचा हिशेब गृहमाता वहीत लिहितात, तो त्याने संगणकावर चढवायचा. पहिल्या आठवड्यात त्याच्या आकड्यांत तेल शून्याच्या खाली गेले. गृहमाता इतक्या हसल्या की तो दोन दिवस फिरकला नाही. मग स्वतःच येऊन चूक शोधली. डब्याचे लिटर आणि वहीतले किलो त्याने एकत्र धरले होते.

दिवाळीच्या सुट्टीत तो घरी गेला तेव्हा वडिलांच्या उचलीचा हिशेब कागदावर उतरवून घेऊन आला. मुकादमाकडून घेतलेली रक्कम, किती टन तोडले, किती खाडे झाले, मध्येच आजारपणाला घेतलेले पैसे. वडिलांना वाचता येत नाही, हिशेब मुकादमाच्या डायरीत असतो. त्याने तो तीन संध्याकाळी बसून संगणकावर मांडला. डायरीत धरलेल्या खाड्यांपेक्षा वडिलांना आठवत होते ते सहा कमी होते. खरे कोणाचे हे मला सांगता येणार नाही. पण या वर्षी जाताना वडिलांनी एक छोटी वही बरोबर नेली आहे. रोज संध्याकाळी टोळीतला चौथी शिकलेला एक मुलगा त्यात खुणा करतो.

काही वाचक विचारतात की ब्लँकेटची गरज असताना संगणकावर खर्च कशाला. ब्लँकेट लागतातच, या अंकात त्यांचा वेगळा हिशेब दिला आहे. संगणकासाठी आम्हाला नवे यंत्र नको आहे. वीज गेल्यावर दोन तास चालेल एवढी बॅटरी आणि महिन्यातून एकदा येऊन मुलांसोबत बसेल असा कोणी जाणकार तरुण तुमच्या मंडळीत असेल तर कळवावे.

तो आता दहावीत आहे. नवापूरच्या दुकानदाराशी माझे बोलणे झाले आहे. सुट्टीत त्याला कामाला घ्यायला ते तयार आहेत, परीक्षेआधी नाही. मार्चपर्यंत संगणकाच्या खोलीची किल्ली गृहमातेकडे राहील असे आमच्या दोघांत ठरले आहे. शनिवार सोडून.