टॅब दोन, ओळख एकच

समजा, शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस आहे. तुम्ही आणि तुमची आपा घरातल्या एकाच संगणकावर बसला आहात. आपाने आपले नाव व पासवर्ड देऊन संकेतस्थळावर प्रवेश केला आणि अर्धा अर्ज भरला. तेवढ्यात तुम्ही शेजारी दुसरा टॅब उघडला. त्यात प्रवेशाचे पान आणून स्वतःचे नाव व पासवर्ड दिला. मग आपाने पहिल्या टॅबमधला अर्ज पूर्ण करून बटण दाबले. पडद्यावर तिचेच नाव दिसत होते. सांगा बरे, अर्ज कोणाच्या नावाने जाईल?

संकेतस्थळाने तपासणीची वेगळी सोय केलेली नसेल, तर तो तुमच्या नावाने जाईल! असे का होते, ते आता पाहू या.

आपण पाने पाहतो त्या प्रोग्रॅमला ब्राउझर म्हणतात. तो दूरच्या सर्व्हर नावाच्या संगणकाकडे पान मागतो. ही मागणी ज्या नियमांनी होते, त्यांना एचटीटीपी म्हणतात. या नियमांत प्रत्येक मागणी स्वतंत्र असते. क्षणापूर्वी कोण आले होते, हे सर्व्हरला आपोआप आठवत नाही.

ही अडचण दूर करण्यासाठी १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली या अभियंत्याने एक युक्ती काढली. तिचे नाव कुकी. सायकल ठेवताना आपल्याला क्रमांकाचा बिल्ला मिळतो ना? तसेच हे आहे. पासवर्ड बरोबर असला, की सर्व्हर एक लांबलचक क्रमांक तयार करतो आणि तो कुकीत घालून ब्राउझरकडे देतो. पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर ब्राउझर हा बिल्ला दाखवतो. प्रवेश केल्यापासून बाहेर पडेपर्यंतच्या या काळाला सेशन म्हणतात.

आता खरी मेख पाहा. हा बिल्ला टॅबजवळ नसतो, ब्राउझरजवळ असतो. सगळे टॅब तोच बिल्ला वापरतात. तुम्ही प्रवेश करताच आपाच्या बिल्ल्याची जागा तुमच्या बिल्ल्याने घेतली. पहिल्या टॅबवरचे नाव आधीच काढलेल्या चित्रासारखे तसेच राहिले. परंतु बटण दाबल्यावर गेला तो तुमचा बिल्ला.

यावर उपाय सोपे आहेत. दोघांनी दोन वेगळे ब्राउझर वापरावेत, किंवा एकाच ब्राउझरमध्ये दोन प्रोफाइल तयार करावीत. प्रत्येकाचे कुकीचे भांडार निराळे असते. एकाने साध्या आणि दुसऱ्याने खासगी खिडकीत काम केले तरी चालते. मात्र क्रोममध्ये दोन खासगी खिडक्या उघडल्या, तर त्या दोघींचे भांडार एकच असते, हे विसरू नका.

संकेतस्थळ तयार करणाऱ्यांनाही काळजी घेता येते. अर्जाच्या पानातच तो कोणाचा आहे याची खूण ठेवावी. अर्ज आला, की ती खूण बिल्ल्याशी जुळते का, हे सर्व्हरने पाहावे. जुळली नाही, तर अर्ज न स्वीकारता तसे स्पष्ट सांगावे. जीमेलमध्ये तर एकाच वेळी अनेक खाती उघडता येतात. तिथे पानाच्या पत्त्यात ०, १ असे खात्याचे क्रमांक असतात. त्यामुळे कोणत्या टॅबमध्ये कोणते खाते आहे, हे कळते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. टॅब बंद केला म्हणजे सेशन संपले, असे नाही. बिल्ला ब्राउझरजवळ तसाच राहू शकतो. शाळेतल्या किंवा सायबर कॅफेतल्या संगणकावर तुमच्यामागून बसणाऱ्याला तुमचे खाते उघडे सापडेल. म्हणून काम संपताच 'लॉगआउट' वर क्लिक करा. आणि अर्ज पाठवण्यापूर्वी पान एकदा ताजे करून नाव वाचा. पण त्याआधी भरलेली माहिती जतन करायला विसरू नका.