एका मुळात आठशे मीटर

रूट कॅनाल करताना फाइल ज्या भिंतीवर घासते ती भिंत सलग नसते. डेंटिनमधून, म्हणजे ती भिंत ज्याची बनलेली असते त्या दाताच्या कठीण थरातून, बारीक नलिका नसेपासून बाहेरच्या बाजूला जातात. नसेच्या बाजूला त्यांचा व्यास जेमतेम अडीच मायक्रॉन, म्हणजे रक्तातली तांबडी पेशीही आत शिरणार नाही. जिवाणू मात्र शिरतात.

थोडा हिशेब करू. मूळ 12 मिलिमीटर लांब, कॅनालचा सरासरी व्यास अर्धा मिलिमीटर आणि चौरस मिलिमीटरला 30,000 नलिका धरल्या, तर करंगळीच्या नखाहून लहान अशा त्या भिंतीवर साडेपाच लाखांहून जास्त तोंडं उघडतात. प्रत्येक नलिका दीड मिलिमीटरची मानली, तर सगळ्या मिळून आठशे मीटरच्या पुढे जातात. एका मुळात!

मिनिटाला 300 फेरे घेणारी निकेल-टायटॅनियमची फाइल इथे पोचणार कशी? सूक्ष्म सीटी स्कॅनच्या अभ्यासांत तर कॅनालच्या भिंतीचा 35 टक्के किंवा त्याहून जास्त भाग फाइलने शिवलेलाच नाही असं दिसलं. शिवते तिथेही ती एक-दोन मायक्रॉन जाडीचा भुसा लिंपून नलिकांची तोंडं बुजवते. म्हणून द्रावणांशिवाय गत्यंतर नाही. सोडियम हायपोक्लोराइट सेंद्रिय भाग विरघळवतं, तर 17 टक्के ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं. ईडीटीएचा एक रेणू कॅल्शियमचा एक आयन धरतो. या हिशेबाने एक मिलिलीटर द्रावणात सुमारे 18 मिलिग्रॅम कॅल्शियम बांधण्याची ताकद असते. एवढ्याशा पोकळीसाठी ही ताकद मला धडकी भरवते, कारण डेंटिनच्या वजनाचा सुमारे 70 टक्के भाग खनिजच आहे.

खनिज निघून गेल्याने डेंटिनचं होणारं नुकसान मोजायचं कसं? विकर्स चाचणीत हिऱ्याचं पिरॅमिडसारखं टोक डेंटिनवर दाबतात. 50 ग्रॅमच्या भाराखाली 60 कठिणतेच्या डेंटिनवर उमटलेल्या खळग्याचा कर्ण 39 मायक्रॉन येतो. कठिणता 50 वर उतरली, तर तोच कर्ण 43 मायक्रॉन होतो. चार मायक्रॉनचा फरक, पण त्याचा अर्थ कठिणतेचा सहावा हिस्सा गेला!

आणि हे सगळं ठरतं मिनिटांवर. ईडीटीए मिनिटभर ठेवलं तर भुसा निघतो. दहा मिनिटं राहिलं तर नलिकांच्या कडा झिजतात, तोंडं रुंदावतात आणि शेजारच्या दोन नलिका कुठे कुठे एक होऊन जातात.